आत्ता दोन

"काका, हिचं असं ना, की टेबलावर जेवढ्या फेअरीज, तेवढ्या कॉस्टपर्यंतचं काहीही ती थांबवते? आणि तुमच्याकडे दोन आहेत."

"हो," मी म्हणालो. "आत्ता दोन."

या संभाषणाला तीन आठवडे होऊन गेले. माझ्या तोंडून गेलेल्या त्या तीन शब्दांत खोटं काही नव्हतं. माझ्यासमोर प्लेमॅटवर दोनच पऱ्या होत्या, कोणीही मोजून घ्याव्यात. तरीही रात्री दिवा मालवला की तो प्रश्न त्या मुलाच्या आवाजात ऐकू येतो, आणि मग माझं उत्तर, माझ्याच आवाजात.

आम्ही सिॲटलच्या पूर्वेकडच्या उपनगरात राहतो. घरापासून दहा मिनिटांवर, तेरियाकीच्या हॉटेलाला लागून, पत्त्यांच्या आणि बोर्ड गेम्सच्या सामानाचं एक दुकान आहे. तिथे शुक्रवारी संध्याकाळी 'मॅजिक: द गॅदरिंग'ची छोटी स्पर्धा असते. हा खेळ आमच्या भागातलाच म्हणायचा. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने तो रचला, १९९३ साली तो बाजारात आला, आणि तो काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्टचं मुख्यालय इथून जवळच रेंटनला आहे. शिकायला म्हणून या देशात आलो तेव्हा वसतिगृहातल्या मित्राने हा खेळ शिकवला. आता चाळिशी उलटली तरी शुक्रवार चुकत नाही. आम्ही खेळतो तो प्रकार पॉपर. म्हणजे ज्या पत्त्यांची छपाई कधी ना कधी 'कॉमन' म्हणून झाली आहे तेवढेच चालतात, महागडं दुर्मिळ काही नाही. इथे पैशाच्या जोरावर जिंकता येत नाही, हे मी सगळ्यांना अभिमानाने सांगत आलो आहे.

माझा डेक निळा. खेळाडू त्याला अ‍ॅग्रो-कंट्रोल म्हणतात. हल्ला करणारे डेक असतात आणि अडवून धरणारे असतात. हा दोन्ही थोडं थोडं करतो. पत्त्याची किंमत मानात असते, आणि ती जमिनीचे पत्ते, म्हणजे आयलंड किंवा स्वाम्प, आडवे करून भरायची. पहिल्याच चालीत एका मानाचा डेल्व्हर खाली ठेवायचा. हा पत्ता २०११ सालच्या 'इनिस्ट्राड' संचातला. प्रयोगशाळेतला एक माणूस, अंगात जोर एकचा. दर चालीच्या सुरुवातीला गड्डीवरचा पत्ता बघायचा. तो इन्स्टंट किंवा सॉर्सरी असला तर दाखवायचा, की त्या माणसाचा उडणारा कीटक होतो, जोर तीनचा. समोरच्याचे वीस गुण. तीन-तीनने घटत गेले तर सात चाली लागतात. डेकची सगळी कला त्या सात चाली निभावून नेण्यात आहे. समोरचा दहा गोष्टी करेल, त्यातल्या आठ करू द्यायच्या. ज्या दोन गोष्टींनी आपला खेळ उलटेल, तेवढ्या मात्र होऊ द्यायच्या नाहीत. पत्त्यांमध्ये ताकद फारशी नाही, म्हणून समोरचा माणूस वाचता यावा लागतो. तो कोणत्या पत्त्यावरून बोट फिरवतोय, माझी दोन आयलंड मोकळी दिसली की त्याचा हात कुठे थबकतोय, हे मी इतकी वर्षं बघत आलोय की आता मुद्दाम बघावं लागत नाही.

हातात काही नसताना दोन आयलंड मोकळी ठेवून निवांत बसणं हे मी हजारदा केलं असेल. त्याबद्दल माझं मन मला खात नाही, आणि खायला हवं असं मला आजही वाटत नाही. लहानपणी साताऱ्याला सुट्टीत मेंढीकोट खेळताना हुकूम हातात असून चेहरा पाडून बसायला आम्हाला घरच्यांनीच शिकवलं होतं. पत्ते झाकलेले असतात म्हणूनच तो खेळ आहे, आणि टेबलावर बसणाऱ्या दोघांनाही ते माहीत असतं. त्या रात्री मी जे केलं ते यातलं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं होतं.

तो मुलगा पंधरा वर्षांचा. इथेच जन्मलेला, घरी मराठी बोलणारा. त्याची आई त्याला दुकानाशी सोडते आणि रात्री गाडी घेऊन येते. चौथा की पाचवाच शुक्रवार असेल त्याचा. आमची नावं लागली आणि मी कोण हे कळल्यावर तो इतका खुलला, की बाकी सगळ्यांशी इंग्रजीत बोलणारा पोरगा माझ्याशी अडखळत का होईना मराठीत बोलायला लागला. पहिला डाव माझा, दुसरा त्याचा. त्याचा डेक काळा होता, नीट विचार करून बांधलेला.

तिसऱ्या डावात माझे अकरा गुण होते आणि त्याचे सहा. माझ्याकडे कीटक झालेला डेल्व्हर, फेअरी सीअर आणि स्पेलस्टटर स्प्राइट या दोन पऱ्या, आणि दोन मोकळी आयलंड. हातात आणखी एक स्प्राइट. त्याच्याकडे सहा स्वाम्प आणि चाल त्याची. त्याच्या हातात क्रिप्ट रॅट्स आहेत हा माझा अंदाज होता, कारण दुसरा डाव त्याने त्याच पत्त्याने जिंकला होता. तीन मानांचे उंदीर, आणि उरलेला काळा माना ओतला की तेवढं नुकसान टेबलावरच्या सगळ्यांना. ते खाली आले असते तर माझं सगळं सैन्य गेलं असतं.

स्प्राइट ही छोटी परी आहे. ती समोरच्याच्या चालीतही अचानक उतरते आणि उतरताना समोरचा पत्ता थांबवते. आपल्या जितक्या पऱ्या असतील तितक्या किमतीपर्यंतचा. यात एक मेख आहे. ती उतरलेली असते, म्हणून ती स्वतःलाही मोजते. दोन पऱ्या टेबलावर असतील तर तिसरी ती, म्हणजे तीनपर्यंत. नवा खेळाडू हमखास इथे चुकतो. पत्ता वाचला तर कळतं. पण माझ्या स्प्राइट जपानी छपाईच्या आहेत. दिसायला सुंदर म्हणून घेतल्या, असं मी सांगतो. ते खरंच आहे. पण समोरच्याला त्या वाचता येत नाहीत हे मला घेताना माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

त्याने माझी स्प्राइट उचलून जवळ नेली, तिच्यावरची ती अक्षरं पाहिली, परत ठेवली, आणि मला विचारलं. त्याला नेमकं काय हवं होतं हे मला वाक्य पुरं व्हायच्या आत समजलं. पऱ्या किती आहेत हे त्याला दिसतच होतं. त्याला विचारायचं होतं, की मी तीनचा पत्ता टाकला तर वाचेल का. माझ्या मनात उत्तर तयार झालं, त्याची धार तपासली गेली आणि मगच ते बाहेर पडलं. 'हो' म्हणताना मी त्याच्या अर्ध्या समजुतीला होकार दिला आणि 'आत्ता' म्हणताना स्वतःसाठी पळवाट ठेवली. धर्मराजाने रणांगणात शेवटचा शब्द हळू उच्चारला होता. माझा 'आत्ता' त्यापेक्षा जरा मोठ्याने निघाला असेल, एवढाच फरक.

त्याने तीन स्वाम्प आडवे केले, उंदीर ठेवले. मी दोन आयलंड आडवी केली, स्प्राइट ठेवली आणि म्हणालो, "तीन." त्याने पऱ्यांकडे बघत ओठ हलवून मोजलं. एक, दोन, तीन. मी तोवर त्याच्या उंदरांकडे बोट दाखवलं होतं, म्हणजे त्याने ते ग्रेव्हयार्डमध्ये सरकवावेत. त्याने सरकवले. त्याला उत्तर द्यायची संधी नियमानेच होती. ती वापरायची की नाही हे विचारण्याइतकाही वेळ मी जाऊ दिला नाही.

माझ्या चालीत मी सगळ्यांना हल्ल्याला पाठवलं. तेव्हा त्याने हातातून डिफाइल काढलं आणि डेल्व्हर मारला. तो पत्ता बघून माझ्या पोटात खड्डा पडला. डिफाइल एका मानाचं. ते आधी एखाद्या परीवर टाकलं असतं, तर उरलेली एक आणि नवी स्प्राइट मिळून दोनच झाल्या असत्या आणि उंदीर अडवता आले नसते. मी स्प्राइट डिफाइलवरच खर्च केली असती, तर माझे माना संपून उंदीर बिनधास्त उतरले असते. दोन्ही वाटांनी टेबल साफ. योग्य चाल त्याच्या हातात होती, त्यासाठी पुरेसे स्वाम्प होते, आणि ती शोधण्यासाठी नेमका जो प्रश्न विचारायला हवा तो त्याने विचारलाही होता. त्याच्यात कमी काही नव्हतं. जे कमी पडलं ते मी काढून घेतलं होतं.

पुढच्या चालीत त्याला आणखी एक स्वाम्प मिळाला, बाकी काही नाही. तीन पऱ्यांनी उरलेले तीन गुण संपवले. त्याने हात पुढे केला. "गुड गेम, काका." रात्री मला बक्षिसाची तीन पाकिटं मिळाली. ती अजून फोडलेली नाहीत.

पंचाकडे प्रकरण गेलं असतं तर बहुधा मी सुटलो असतो. अर्थात या पातळीच्या स्पर्धेत टेबलावरची माहिती दडवायची नसते, विचारलं तर सरळ सांगायचं असतं, आणि पत्त्याचा मजकूर जाणून घ्यायचा हक्क प्रत्येकाला आहे, हे मला पाठ आहे. पण त्याने आकडा विचारला, मी आकडा सांगितला. मी सुटलो असतो, आणि मला बोचतं ते तेच. सुटता येईल असं उत्तर मी त्या दोन सेकंदांत घडवलं.

त्याला जिंकू द्यायला हवं होतं असं मी म्हणत नाही. तो काही कच्चा लिंबू नव्हता, आणि तसं वागवणं हा त्याचा अपमान झाला असता. पण त्याने मला 'काका' म्हटलं होतं. पलीकडच्या टेबलापाशी जज उभा होता, त्याला विचारता आलं असतं. त्याने मला विचारलं, कारण त्याच्या लेखी मी आधी काका होतो आणि मग प्रतिस्पर्धी. मी त्याचा हा क्रम ओळखला आणि वापरला. हे लिहितानाही हात अडखळतो आहे, कारण 'वापरला' याहून सौम्य शब्द मी बराच वेळ शोधत होतो.

खोल गेल्यावर दिसतं की ही सवय त्या टेबलापुरती नाही. बायकोने मागे एकदा म्हटलं होतं, "तू प्रश्नाला उत्तर देतोस, मला नाही देत." तेव्हा मी ते भांडणातलं वाक्य म्हणून सोडून दिलं. साताऱ्याहून आई दर रविवारी विचारते, "दिवाळीला येताय ना?" आणि मी म्हणतो, "तिकिटं बघतोय." मी खरोखर बघतो. रविवारी फोनच्या आधी दहा मिनिटं संगणकावर तिकिटांचे दर काढून ठेवतो, म्हणजे वाक्य खरं राहावं. यंदा जमणार नाही हे जूनपासून ठरलेलं आहे. ती ऐकून म्हणते, "बघ हो, मग मी करंज्यांचं सारण जास्तीचं करते." तो फोन नीट करायचा अजून बाकी आहे. हे लिहून झाल्यावर करेन असं लिहायचा मोह होतोय, पण तेही 'आत्ता दोन'च्या जातीचं वाक्य होईल.

त्या रात्री निघताना पाऊस होता. मुलाच्या आईने गाडीची काच खाली करून मला हाक मारली आणि त्याला विचारलं, "काकांनी शिकवलं का काही?" तो मागच्या सीटवर डेकचा डबा मांडीवर घेऊन बसला होता. "हो," तो म्हणाला, "खूप." मी हसून हात हलवला.

पुढच्या शुक्रवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आला. तोवर मी इंग्रजी छपाईच्या चार स्प्राइट घेऊन जपानी काढून ठेवल्या होत्या. राउंड लागायच्या आधी मी त्याला पाकिटांच्या मांडणीशी गाठलं आणि सांगितलं, की त्या दिवशी तू काय विचारत होतास ते मला कळलं होतं, ती परी स्वतःलाही मोजते हे मी तुला सांगायला हवं होतं, ते मी जाणूनबुजून टाळलं.

"आय नो," तो म्हणाला. "घरी जाऊन वाचलं मी." थोडं थांबून म्हणाला, "इट्स ओके, काका."

दुसऱ्या राउंडला आमचीच नावं समोरासमोर आली. चौथ्या चालीला मी अडवल्या न गेलेल्या परीला हातात परत घेऊन तिच्या जागी निंजा उतरवला. त्याने पत्ता उचलला, दोनदा वाचला. काहीतरी अडलं होतं. त्याने मान वर केली. मी पुढे झुकलो, सगळं सांगायला तोंड उघडलंही होतं.

त्याने पत्ता जपून माझ्या बाजूला परत ठेवला आणि हात वर केला. "जज, प्लीज."

मी हातातले पत्ते पालथे ठेवले आणि थांबलो.