ओळंबा कॅमेऱ्याला

प्रिय भाचेबुवा,


राजाबाई टॉवरचा फोटो पोचला. उजेड छान पकडलास, पण मनोरा आरामखुर्चीत रेलल्यासारखा मागे कललाय. ‘लेन्स स्वस्तातली आहे’ असं तू लिहितोस. मामाचा अनुभव सांगतो, लेन्स निर्दोष आहे. १८७८ साली पुरा झालेला हा २८० फुटी मनोरा तू पायथ्याशी उभा राहून, कॅमेरा आभाळाकडे वळवून चौकटीत कोंबलास. सेन्सर भिंतीला समांतर राहिला नाही, की उभ्या रेषा वर जाता जाता एकमेकींकडे झुकणारच. गवंडी ओळंबा भिंतीला लावतो. आपण तो कॅमेऱ्याला लावायचा.

पुढच्या वेळी रस्ता ओलांडून ओव्हल मैदानात जा. फुल फ्रेमवर २४ मिमीची लेन्स असेल आणि कॅमेरा उभा, पण लेव्हलमध्ये धरलास, तर साधारण ११५ मीटरवरून शिखर चौकटीत मावतं. खालचा निम्मा फोटो गवताचा येईल. येऊ दे, नंतर काप. महागडी शिफ्ट लेन्स तरी काय करते? कॅमेरा सरळच राहतो, लेन्स तेवढी वर सरकते आणि गवताची जागा मनोऱ्याला मिळते. भात्याच्या जुन्या कॅमेऱ्यांत हीच सोय होती.

फोर्टातल्या गल्लीत मागे सरायला जागा नसते. तिथे समोरच्या इमारतीचा जिना चढ. निम्म्या उंचीवरून कॅमेरा वर वळवावाच लागत नाही. तेही जमलं नाही, तर फोटो सुधारायचं लाइटरूम सॉफ्टवेअर आहे. आधी लेन्स प्रोफाइल लावून रेषांचा बाक काढ, मग व्हर्टिकलची पट्टी सरकव. मात्र ही उधारी आहे. वरचा भाग ताणला जातो, त्यामुळे तिथलं कोरीवकाम मऊ पडतं. खालचे कोपरे रिकामे होतात, ते कापावे लागतात. म्हणून फोटो काढतानाच दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेव.

आणि पट्टी अगदी शेवटपर्यंत नेऊ नकोस. उंच इमारत वर किंचित निमुळती दिसायची डोळ्याला सवय असते. काटेकोर सरळ केलीस, तर ती वर रुंद होत गेल्यासारखी भासते.

तुझा हा फोटो मात्र सरळ करायला जाऊ नकोस, तसाच ठेव. टोपी पडेपर्यंत मान वर केली की मनोरा असाच दिसतो. ओव्हलवरून काढलेला फोटो त्याच्या शेजारी लाव. एकात मनोरा असेल, दुसऱ्यात त्याच्याकडे बघणारा तू.

तुझा,
मामा