झाल आणि टाळ

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या अनेक कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नाही. त्यामुळे इथल्या कामगारांचं गाणं ऐकायचं तर बुधवारची रात्र गाठावी. फाल्गुन लागला की म्हाळुंगे, निघोजे, कुरुळीकडच्या पत्र्याच्या खोल्यांपुढे सतरंज्या पडतात. बिहारच्या सिवान-छपऱ्याकडची पोरं दोन रांगा करून समोरासमोर बसतात, मध्ये ढोलक. एका रांगेने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची, लय चढत जायची. हातातली झाल, म्हणजे त्यांच्याकडचे टाळ, थांबायला तयार नसते. हा त्यांचा फगुआ, होळीचं गाणं. शेजारच्या खोलीत लातूर-नांदेडकडचे कंत्राटी कामगार राहतात. त्यांच्यातला एखादा दारात उभा राहून ऐकतो, आत जातो आणि टाळ घेऊन बाहेर येतो. भोजपुरी त्याला फारशी कळत नाही. पण समोरासमोर दोन रांगा, मध्ये वाद्य, टाकलेली ओळ उचलणं हे सगळं तो गावच्या सप्ताहात लहानपणापासून करत आलाय. थोड्या वेळाने तो रांगेत बसलेला दिसतो.

हेच दोघे कंपनीत एका लाइनवर आठ-आठ तास शेजारी उभे असतात आणि एकमेकांचं गावही त्यांना ठाऊक नसतं. मशीनच्या आवाजात बोलणार कधी?

मात्र ही बैठक रात्री दहाला उठवावी लागते, आणि ते योग्यच आहे. भिंतीपलीकडे पहाटेच्या शिफ्टला जाणारा माणूस झोपलेला असतो. अडचण गाण्याची नाही, जागेची आहे.

मुंबईत हीच अडचण माटुंग्याच्या दाक्षिणात्यांनी स्वतः सोडवली. कारकुनी आणि टायपिंगच्या नोकऱ्यांसाठी आलेल्या या मंडळींच्या वस्तीतून 1952 साली षण्मुखानंद सभा उभी राहिली. 1963 मध्ये किंग्ज सर्कलजवळ तिचं स्वतःचं सभागृह झालं. त्याच दशकात मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध आंदोलन पेटलं होतं, हे विसरून चालणार नाही. 1990 मध्ये सभागृह आगीत जळालं. सभेने ते पुन्हा बांधलं. आज अडीच हजारांहून जास्त प्रेक्षक तिथे बसतात. कर्नाटक संगीतासाठी उभारलेल्या या वास्तूत हिंदुस्थानी गायकांच्या मैफली होतात, आणि मंगेशकर कुटुंबाच्या मास्टर दीनानाथ पुरस्कारांचे सोहळेही अनेकदा तिथेच झाले. बाहेरून आलेल्यांनी आपल्या गाण्यासाठी घर बांधलं आणि मराठी माणसाचा आपल्या गायकाच्या स्मृतीचा सोहळा त्या घरात रंगला. मला याचं फार मोल वाटतं.

चाकणच्या पोरांकडे माटुंगेकरांसारखी पक्की नोकरी नाही. ठेकेदार बदलला की खोली बदलते, कधी गावही. त्यांनी सभागृह बांधावं ही अपेक्षा अन्यायाची होईल. चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, संत तुकारामनगरचं अत्रे रंगमंदिर ही महापालिकेची नाट्यगृहं चांगली आहेत. पण शिफ्ट सुटल्यावर ढोलक काखेत मारून म्हाळुंग्याहून तिथवर कोण जाणार?

एमआयडीसीतल्या एखाद्या मोकळ्या भूखंडावर भिंती असलेली शेड, चार पंखे, दिवे, पाणी आणि आवाज बाहेर जाऊ नये एवढी सोय, इतकं पुरे. कंपन्यांच्या सीएसआर खर्चाच्या कायद्यातल्या यादीत कला आणि संस्कृतीही आहेत, तेव्हा पैशाची वाट मोकळी आहे. किल्ली मात्र गाणाऱ्यांच्याच कमिटीकडे हवी, त्यात सिवानचा एक, नांदेडचा एक, चाकण गावातला एक. आणि ही मागणी इथल्या ग्रामपंचायतींनी, इथल्या भजनी मंडळांनी पुढे होऊन करावी. परगावच्या भाडेकरूने अर्ज केला तर तो टेबलावर पडून राहील.