वडिलांचा व्यवसाय : बिझनेस



मुलांच्या पहिल्या कम्युनियनचे अर्ज सध्या ऑफिसात जमा होत आहेत. अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना आहे आणि त्याखाली 'आईचा व्यवसाय' असा दुसरा. यंदाचे अर्ज चाळताना लक्षात आले, की वडिलांच्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे दोनच शब्द आहेत. 'सर्व्हिस' किंवा 'बिझनेस'. आईच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'हाऊसवाइफ'. कुठली सर्व्हिस, कशाचा बिझनेस, हे लिहिण्याची गरज कुणाला वाटलेली नाही. त्याच कपाटात बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या आहेत. त्यांत बापाच्या नावापुढे शेतकरी, सुतार, गवंडी, खलाशी असे लिहिलेले आढळते. ती नोंद वाचली की नांगर, रंधा, थापी, वल्हे डोळ्यांपुढे येते. 'सर्व्हिस' वाचून काहीच येत नाही.

अर्ज घेऊन आलेल्या एका मुलीला मी सहज विचारले, "बाळा, पप्पांचा बिझनेस कशाचा?" ती गोंधळली. मग म्हणाली, "बिझनेसच, फादर. सिरियलमध्ये असतो ना, तसा."

तिचे पप्पा मला ठाऊक आहेत. आदल्या रात्री घरातल्या बायकांनी खुडून ठेवलेल्या मोगऱ्याच्या कळ्या घेऊन ते पहाटेच्या पहिल्या गाडीने दादरच्या फुलबाजारात जातात. उशीर झाला की कळी उमलते आणि भाव पडतो. मुलगी जागी होते तेव्हा ते परत येऊन वाडीत शिंपणाला लागलेले असतात. हे सगळे ती रोज पाहते. पण 'बिझनेस' म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे मोगरा आला नाही. कोट घातलेला, फाइलवर सही करणारा आणि जिना उतरता उतरता कुणाशी तरी भांडणारा गृहस्थ आला.

मला आधी हसू आले. नंतर ते तितकेसे आले नाही.

मालिका पाहणे हे धर्मगुरूचे काम नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्याबरोबर संध्याकाळच्या घरभेटीला यावे. टीव्हीचा आवाज बारीक करून माझे स्वागत होते आणि एक डोळा पडद्यावर ठेवून गप्पा होतात. २००० सालच्या जुलैमध्ये 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली तेव्हा मी सेमिनरीत होतो. सुट्टीत घरी आलो की आई-मावशींबरोबर मीही पाहत असे. विराणी कुटुंबाचा मोठा उद्योग होता, हे आमच्या आळीत सर्वांना पाठ होते. तो उद्योग नेमका कशाचा, हे मी त्यानंतर कितीतरी जणांना विचारले आहे. अजून कुणी सांगू शकलेले नाही! अशा मालिकांत कंपनी कुणाच्या नावावर व्हायची यावर आठवडेच्या आठवडे जातात, पण त्या कंपनीतून बाहेर काय पडते, साबण की सुतळी, ते कळत नाही.

नेहमीच असे होते असे मात्र नाही. १९८६ साली दूरदर्शनवर 'नुक्कड' लागत असे. मी अगदी लहान होतो, पण पुढे पुन्हा पाहिल्यामुळे माणसे नीट आठवतात. गुरू विजेची कामे करी, हरी सायकली दुरुस्त करी, कादरभाईचे हॉटेल होते, करीम केस कापी, गणपत हवालदार होता. कोपऱ्यावरची ही माणसे गरीब होती, पण कुणाचे हात कशाला लागतात हे आपल्याला माहीत असे आणि त्यांची भांडणे व मैत्रीही बरीचशी त्यातूनच निघत. १९८८ मध्ये 'वागळे की दुनिया' आली. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतला तो वागळे साधा नोकरदार, पगारात महिना बसवणारा. १९८९ च्या 'उडान'मध्ये तर कल्याणी पोलीस अधिकारी कशी होते हाच विषय होता. कविता चौधरी यांनी ती कथा स्वतःच्या बहिणीच्या आयुष्यावरून रचली होती. त्या भगिनी म्हणजे कांचन चौधरी भट्टाचार्य. २००४ साली त्या उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या, देशात त्या पदावर पोहोचलेल्या पहिल्या महिला.

जुने ते सोने असे मला म्हणायचे नाही. २००८ साली सुरू झालेल्या 'तारक मेहता'त जेठालालचे दुकान आहे, पगारवाढ मागणारे नटूकाका आहेत, शिकवण्या घेणारा भिडे आणि लोणची-पापड करणारी माधवी आहे. म्हणून तर लहान मुलांनाही ती माणसे शेजारची वाटतात. २०१३ च्या 'होणार सून मी ह्या घरची'मधली जान्हवी बँकेत होती आणि श्रीच्या घरचा गृहउद्योग होता. पण बँक काय किंवा उद्योग काय, प्रेम जमण्याची आणि गैरसमज होण्याची ती जागा. तीच जागा बागेत किंवा बसस्टॉपवर नेली असती तरी फारसे बिघडले नसते.

आता कुणी म्हणेल, "फादर, मालिका करमणुकीसाठी असते. दिवसभर राबून, लोकलला लोंबकळून घरी आलेल्या माणसाने पुन्हा पडद्यावर दुसऱ्याचे राबणे पाहायचे काय?" हा आक्षेप योग्य आहे. संत थॉमस अक्वायनस यांनीही मनाला खेळाची आणि विसाव्याची गरज असते हे मान्य केले आहे, आणि नटांचा व्यवसाय मुळात पापाचा नाही असे स्पष्ट लिहून ठेवले आहे. तेराव्या शतकातल्या माणसाकडून आपण जितक्या कडकपणाची अपेक्षा करतो तितके ते नव्हते.

माझी अडचण वेगळी आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक विचार मनात बसला, तो असा, की नाटक हे कृतीचे अनुकरण आहे आणि माणसाचा स्वभाव त्याच्या कृतीतून कळतो. मग एखाद्या पात्राच्या दिवसातून आपण त्याचे काम वजा केले तर उरलेल्या कृती कोणत्या? बोलणे, चोरून ऐकणे, कारस्थान करणे, रडणे आणि लग्नाला नटून जाणे. मालिकांतली माणसे इतकी कारस्थाने का करतात, याचे उत्तर कदाचित साधे आहे. त्यांना दुसरे काम नाही.

शिवाय बोलण्यावर चालणाऱ्या जगात खोटे खपते. खोटा कागद पुढे करा, खोटा फोन करा, शंभर भाग निघतात. कामात तसे होत नाही. कच्चा पाया थापा मारून उभा राहत नाही, आणि उमललेल्या कळीला तू अजून कळीच आहेस असे सांगून भाव मिळत नाही. आपण न बनवलेले, आपल्या इच्छेला न जुमानणारे असे काही सत्य असते, त्याच्याशी सामान्य माणसाची रोजची गाठ कामात पडते. देवळात आपण रविवारी एक तास असतो. खरे बोलण्याची, चूक कबूल करण्याची, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याची सवय आठवड्याचे सहा दिवस वाडीत, होडीवर, यंत्रावर, गिऱ्हाइकासमोर लागते किंवा मोडते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली मानवी श्रमावर विश्वपत्र लिहिले. कामाची प्रतिष्ठा कामाच्या प्रकारावरून ठरत नाही, ते करणारा माणूस आहे यावरून ठरते, हा त्यातला गाभा आहे. काम करता करता माणूसही घडतो, असे ते सांगतात. तरुणपणी त्यांनी स्वतः दगडाच्या खाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात काम केले होते.

इथे मात्र माझ्याच युक्तिवादाला एक मोठी अडचण येते. ती लपवणे बरे नाही. शुभवर्तमान तरी काम कुठे दाखवते? संत मार्क सहाव्या अध्यायात येशूला सुतार म्हणतात. मूळ ग्रीक शब्द 'टेक्टॉन', म्हणजे लाकडाचे किंवा बांधकामाचे काम करणारा कारागीर. पण चारही शुभवर्तमानांत प्रभू रंधा मारताना, खिळा ठोकताना एकदाही दिसत नाहीत. नाझरेथची इतकी वर्षे एका शब्दात आटोपली. मग मालिकावाल्यांनाच दोष का द्यायचा?

बरेच दिवस मी यावर अडलो होतो. दोन गोष्टी दिसतात. एक, तो शब्द मार्क स्वतःहून वापरत नाहीत. तो नाझरेथकरांच्या तोंडी आहे, आणि ते तो येशूला लहान करण्यासाठी वापरतात. हा तर आपला सुतार, याला ही अक्कल कुठून आली! व्यवसायाची चिठ्ठी चिकटवून माणूस निकालात काढण्याचा प्रकार तेव्हाही होता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. प्रभूचे बोलणे ऐका. तीन मापे पिठात किती खमीर, जुन्या कापडाला नवे ठिगळ लावले तर काय होते, जाळे ओढल्यावर मासे कसे निवडतात, बुरूज बांधण्याआधी खर्चाचा हिशेब का करावा, शेवटच्या तासाला मजुरीवर आलेल्या माणसाला काय मिळाले. हे कामाच्या आतून आलेले बोलणे आहे. कष्टकऱ्यांच्या हातांकडे कुणीतरी नीट पाहिले आहे. काम पडद्यावर दिसले नाही तरी चालेल, पण माणसाच्या बोलण्यात, उपमेत, स्वभावात ते उतरलेले असावे. मालिकेतल्या उद्योगपतीच्या तोंडून त्याच्या उद्योगातली एक तरी उपमा तुम्ही ऐकली आहे का?

हे सर्व दुसऱ्यांविषयी झाले. आता माझे.

काही वर्षांपूर्वी मी एका वयस्कर गृहस्थांच्या अंत्यविधीची मिस्सा अर्पण केली. प्रवचनात मी म्हणालो, ते प्रेमळ पिता होते, श्रद्धावंत होते, त्यांनी कुटुंबासाठी कष्ट केले. नेहमीचे बोललो. काही दिवसांनी घरी गेलो तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "फादर, तुम्ही चांगलं बोललात हो. पण ते काय काम करायचे ते राहूनच गेलं." मी विचारले, काय करायचे? त्या उठल्या, कपाटातून एक लाकडी पेटी आणली. आत मऊ फडक्यात गुंडाळलेला मायक्रोमीटर होता. चौतीस वर्षे ते मुंबईत टर्नर होते. लेथवर धातू कातून इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत माप राखायचे. निवृत्त झाल्यावरही दर रविवारी संध्याकाळी ते पेटी उघडून मायक्रोमीटर पुसत. "घरात कुणी म्हणालं, थोडं इकडेतिकडे चालतं, तर त्यांना राग यायचा," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, थोडं म्हणजे किती ते सांग."

मी तीन वर्षे त्या माणसाचे पापनिवेदन ऐकत होतो. जे ऐकले ते देवाघरी गेले, त्याबद्दल बोलायचे नाही. पण तो माणूस दिवसभर काय करत आला होता, हे मी एकदाही विचारले नव्हते. माझ्या यादीत त्यांच्या नावापुढे 'रिटायर्ड' एवढेच होते. ते 'रिटायर्ड' मीच लिहिले होते. मालिकेच्या लेखकाला तरी रोज एक भाग लिहून द्यायचा असतो. मला तशी कुठली घाई होती?

लग्नाची बोलणी करताना आपण हेच करतो. "मुलगा काय करतो?" या प्रश्नाला 'कंपनीत आहे' एवढे उत्तर मिळाले की पुढचा प्रश्न पगाराचा असतो. त्या मुलाला कामात काय आवडते, कशाने त्याची झोप उडते, हे लग्नानंतर मुलीला कळते. आणि 'हाऊसवाइफ' या शब्दाबद्दल तर काय बोलावे? त्या घरातल्या मोगऱ्याच्या कळ्या खुडतो कोण?

कम्युनियनचे अर्ज येत्या रविवारपर्यंत ऑफिसात द्यायचे आहेत. ज्यांनी दिले आहेत त्यांना बदलून हवे असल्यास कोरे अर्ज खिडकीपाशी ठेवले आहेत. व्यवसायाचे दोन्ही रकाने या वेळी तीन ओळींचे केले आहेत. ते मुलांनी स्वतःच्या हाताने, आईवडिलांना विचारून भरावेत. शुद्धलेखन तपासले जाणार नाही.