चित्रतुरग आणि दुसरे इंजिन : वापरता येणाऱ्या अनुकृतीची नैतिकता

अनुकृतीची चर्चा साहित्यशास्त्राला नवी नाही. परंतु जी अनुकृती पाहिली, ऐकली वा वाचली जाते तिच्यापुरतीच ही चर्चा बहुतांशी मर्यादित राहिली आहे. जी अनुकृती हाती धरून चालवता येते तिचा स्वतंत्र विचार फारसा झालेला नाही. ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात प्लेटोने प्रत्येक वस्तूच्या संदर्भात तीन कला मानल्या आहेत : ती वापरण्याची, ती घडवण्याची आणि तिचे अनुकरण करण्याची. लगाम कसा असावा हे स्वाराला ठाऊक असते. चर्मकार आणि लोहार तो घडवतात. चित्रकाराला मात्र या दोहोंचेही ज्ञान नसते. चित्रातला लगाम कोणाच्याही हाती येत नाही, या गृहीतावर ही सारी उतरंड उभी आहे. घरच्या संगणकावरील उड्डाण-सिम्युलेटर या गृहीतालाच छेद देतो. येथे चित्रातला लगाम हाती येतो, ओढता येतो आणि चित्रातला घोडा उधळतोही. मग अशा अनुकृतीचा वापर करणाऱ्याला या उतरंडीत कोठे बसवायचे? आणि त्याहून मूलभूत प्रश्न असा की, जेथे मृत्यू नाही तेथे केलेल्या कृतीला नैतिक अर्थ असतो काय?

या यंत्राचा इतिहास जवळजवळ एका शतकाचा आहे. अमेरिकेत पियानो आणि ऑर्गन बनवणाऱ्या घराण्यातील एडविन लिंक यांनी 1929च्या सुमारास ऑर्गनच्या भात्यांच्या तत्त्वावर हलणारी एक लाकडी पेटी तयार केली. दुसऱ्या महायुद्धातील असंख्य वैमानिक याच पेटीत बसून ढगांतून उडायला शिकले. ब्रूस आर्टविक यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हीच कल्पना घरगुती संगणकावर आणली आणि 1982 मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ बाजारात आला. त्याच्या 2020च्या आवृत्तीत उपग्रहाने टिपलेल्या छायाचित्रांवरून सारी पृथ्वी पडद्यावर उभी केलेली आहे. या मूळ प्रणालीला निरनिराळ्या विमानांची प्रतिमाने स्वतंत्रपणे विकत घेऊन जोडता येतात. ‘ॲड-ऑन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जोडण्यांत लहान, दोन इंजिनांच्या विमानांना विशेष स्थान आहे, आणि प्रस्तुत प्रश्नाचे मर्म नेमके तेथेच सापडते.

समजा, जळगाव जिल्ह्यातील फैजपूरच्या एखाद्या घरात कोणी ‘बीचक्राफ्ट बॅरन’ या विमानाचे असे प्रतिमान चालवीत आहे. पडद्यावरच्या जळगाव विमानतळावरून तो उड्डाण करतो. तापी ओलांडली की उत्तरेला सातपुड्याची रांग दिसू लागते आणि खाली केळीच्या बागांचे हिरवे चौकोन पसरतात. दोन इंजिने म्हणजे दुप्पट सुरक्षितता, असा सर्वसामान्य समज असतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. उड्डाणानंतर लगेच एक इंजिन बंद पडले तर शक्ती निम्मी उरते, पण वर चढण्याची क्षमता मात्र निम्म्याहून कितीतरी कमी होते. पुष्कळदा तिचा जेमतेम पाचवा हिस्साच उरतो. कारण चढण्यासाठी उपयोगी पडते ती विमान तरंगत ठेवून शिल्लक राहणारी शक्ती, आणि एक इंजिन जाताच ती शिल्लकच प्रथम संपते.

संकट एवढ्यावर थांबत नाही. चालू असलेले इंजिन विमानाला बंद इंजिनाच्या बाजूला वळवू पाहते. हे वळण सुकाणूने रोखावे लागते आणि सुकाणूचे बळ वेगावर अवलंबून असते. वेगमापकावरील लाल रेषेखाली वेग उतरला की सुकाणू हतबल होते आणि विमान मेलेल्या इंजिनाकडे कलंडते. अशा वेळी विमानाचे नाक खाली घेऊन चालू इंजिनाची शक्ती कमी करणे हाच तरणोपाय असतो. जे बळ शिल्लक आहे तेच मारू पाहते. ते सोडल्याशिवाय वाचता येत नाही. शिवाय, कोणते इंजिन गेले हे आधी ओळखावे लागते. सुकाणूवर जो पाय रिकामा राहतो त्या बाजूचे इंजिन मेलेले, असा वैमानिकांचा ठोकताळा आहे. घाईत ही ओळख चुकली तर काय होते, हे 8 जानेवारी 1989 रोजी इंग्लंडमधील केगवर्थ येथे आणि 4 फेब्रुवारी 2015 रोजी तैपेई येथे दिसून आले. दोन्ही ठिकाणी प्रशिक्षित वैमानिकांनी बिघडलेल्याऐवजी धडधाकट इंजिन बंद केले. केगवर्थला 47 आणि तैपेईला 43 माणसे मृत्युमुखी पडली.

याचा अर्थ असा की एक इंजिनाच्या विमानात बिघाड ही आपत्ती असते; दोन इंजिनांच्या विमानात ती निवडही असते. दुसरे इंजिन सुरक्षिततेपेक्षा अधिक काही देते, ते म्हणजे जबाबदारी. म्हणूनच या विमानाच्या अनुकृतीसंबंधी नैतिक प्रश्न विचारणे सयुक्तिक ठरते.

भारतीय साहित्यशास्त्रात या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जातो तो श्रीशंकुक. ‘अभिनवभारती’त जतन झालेल्या त्याच्या मतानुसार, नटाला पाहताना प्रेक्षकाला होणारी प्रतीती ना सत्य असते, ना मिथ्या, ना संशयाची, ना केवळ सादृश्याची, ती चित्रातल्या घोड्याला घोडा म्हणण्यासारखी असते. भट्टतौताने यावर घेतलेला आक्षेप प्रसिद्ध आहे : मूळ पाहिल्याशिवाय अनुकरण संभवत नाही, आणि रामाची रती कोणी पाहिली आहे? हाच आक्षेप फैजपूरच्या त्या वैमानिकावरही घेता येईल. तो खऱ्या बॅरनमध्ये कधी बसलेला नाही. मग तो अनुकरण करतो ते कशाचे? परंतु येथे अनुकृत होते ती चित्तवृत्ती नव्हे. अनुकृत होतो तो कार्यकारणसंबंध. कमी वेग, सुकाणूचे अपुरे बळ आणि कलंडणे यांतील नाते त्याने पाहिलेले नसले तरी ते मोजता येते, आणि चुकीचे आढळल्यास दुरुस्तही करता येते.

ज्याँ बोद्रियार यांच्या मांडणीचे अपुरेपणही येथेच लक्षात येते. 1981च्या त्यांच्या ग्रंथात प्रतिरूप हे मूळापासून सुटलेले, किंबहुना मूळ नसलेलेच मानले आहे. परंतु ज्याला मूळ नाही ते चूक असू शकत नाही. दोन इंजिनांच्या विमानाचे प्रतिमान मात्र चूक असू शकते, आणि त्याच्या चुकीचे स्वरूप लक्षणीय असते. ते बहुधा सौम्य असते. एक इंजिन बंद पडल्यावरही जे प्रतिमान निवांतपणे चढत राहते, लाल रेषेखालीही जे कलंडत नाही, ते आपल्या ग्राहकाची खुशामत करीत असते. त्याच्या पडद्यावरील घड्याळे, पंख्यांचा आवाज, काचेवरचे ओरखडे हे सारे हुबेहूब असूनही ते असत्य ठरते. यावरून असे म्हणता येईल की अनुकृतीचे सत्य तिच्या सादृश्यात नसते; मूळ जेथे क्षमा करीत नाही तेथे क्षमा न करण्यात ते असते. हा निकष साहित्यालाही लागू पडतो. पात्रांना त्यांच्या कृतीचे परिणाम भोगू न देणारी कादंबरी बोलीभाषा, पेहराव आणि भूगोल यांत कितीही अचूक असली, तरी ती याच अर्थाने खोटी असते. भावविवशता हा जसा शैलीचा दोष आहे, तसाच तो परिणामांशी केलेल्या बेइमानीचाही दोष आहे.

तथापि प्रतिमान निष्ठुर असणे पुरेसे नाही. सिम्युलेटरमध्ये बिघाडाची योजना वापरणारा स्वतःच करतो. कोणते इंजिन केव्हा जावे हे तो ठरवतो, किंवा ते यदृच्छेवर सोडतो. म्हणजे कवी, नट आणि सामाजिक या नाट्यशास्त्राने वेगळ्या राखलेल्या तिन्ही भूमिका येथे एकाच देहात येतात. या एकत्वातून एक विलक्षण सवलत निर्माण होते : विमान कोसळले की एक कळ दाबायची आणि पुन्हा धावपट्टीवर उभे राहायचे. हॅना आरेण्ट यांनी ‘द ह्यूमन कंडिशन’ या 1958च्या ग्रंथात मानवी कृतीचे एक लक्षण असे सांगितले आहे की ती मागे घेता येत नाही. या अपरिवर्तनीयतेवर मानवाजवळ असलेला उपाय म्हणजे क्षमा, आणि क्षमा स्वतःची स्वतःला करता येत नाही, तिला दुसरा माणूस लागतो. या दृष्टीने पाहता पुनरारंभाची कळ ही क्षमा नव्हे. ती केवळ विस्मृती आहे. तेथे अपराध झाला असे म्हणायलाही कोणी उरत नाही, मग क्षमा कोण करणार?

यावर असा युक्तिवाद संभवतो की सारा प्रकार कृत्रिम असल्यामुळे हा प्रश्नच गैरलागू आहे. परंतु कृत्रिम म्हणजे असत्य नव्हे, याची साक्ष फैजपूरच देते. डिसेंबर 1936 मध्ये येथे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, आणि त्यासाठी बांबू व तट्ट्यांचे जे नगर उभारले गेले त्याची सजावट नंदलाल बोस यांनी केली होती. ते नगर रचलेले होते आणि काही दिवसांत मोडलेही गेले. तरीही ते खोटे नव्हते. कारण तेथे माणसे एकमेकांना उत्तरदायी होती, आणि शेतकऱ्यांसाठी तेथे संमत झालेला कार्यक्रम नगर मोडल्यानंतरही कोणाला तरी बांधून ठेवणारा होता. नगराचे बांबूचे असणे आड आले नाही. निर्णायक ठरली ती दुसऱ्या माणसाची उपस्थिती.

पडद्यावरच्या फैजपुरात उणीव आहे ती नेमकी हीच. उपग्रहाने केळीच्या बागा टिपल्या आहेत; त्यांत घड उतरवणारे मजूर नाहीत. एक इंजिन गेल्यावर, चढता येत नसल्यास, सरळ समोर उतरावे असा नियम आहे; पण पडद्यावर समोर असते ते रिकामे रान. खरे रान रिकामे नसते. 16 जुलै 2021 रोजी याच सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा तालुक्यातील वर्डी गावाजवळ, एक इंजिनाचे प्रशिक्षण विमान कोसळले. प्रशिक्षक जागीच गेला, प्रशिक्षणार्थी तरुणी गंभीर जखमी झाली. डोंगराळ भागात प्रथम धावून आले ते आसपासचे आदिवासी गावकरी. तिला उचलून नेण्यासाठी झोळी हवी होती, तेव्हा त्यांतील एका स्त्रीने अंगावरची साडी सोडून दिली. कोणत्याही प्रतिमानात ही स्त्री नाही आणि असूही शकत नाही, कारण ती परिणाम नव्हे. ती दुसरा माणूस आहे.

म्हणून प्लेटोच्या उतरंडीत सिम्युलेटर वापरणाऱ्याचे स्थान असे सांगता येईल : त्याला स्वाराचे ज्ञान काही अंशी मिळते, स्वाराचे दायित्व मात्र मिळत नाही. घरच्या पडद्यावर काढलेले तास वैमानिकाच्या अधिकृत नोंदीत धरले जात नाहीत, यामागेही हाच विवेक दिसतो. पण जे ज्ञान मिळते ते तुच्छ नव्हे. रिकामा पाय ओळखण्याची, उरलेले बळ वेळीच सोडण्याची सवय तेथे लागू शकते, मात्र दोन अटींवर : प्रतिमानाने सवलत देऊ नये, आणि वापरणाऱ्याने पुनरारंभाला क्षमा समजू नये. कळ दाबण्यापूर्वी क्षणभर थांबून, आपण कोणाच्या बागेत कोसळलो असतो हे जो स्वतःला विचारतो, त्याच्यापुरती ही अनुकृती नैतिक अर्थ धारण करते. वाचकही शोकांतिका मिटवून ठेवतो तेव्हा त्याच्यासमोर हाच प्रश्न असतो, आणि त्याचेही उत्तर ग्रंथाच्या बाहेरच द्यावे लागते.