भिंतीवरून येणारी नजर
गुजरीतल्या सराफाने दुकानात कॅमेरा लावला, तर ती मालाची व गिऱ्हाइकांच्या अमानतीची राखणच होय. परंतु वाचकहो, चित्रण क्लाउडवर जाते आणि मालक घरबसल्या मोबाइलवर कारागिराचे जेवण, समोरच्या घराचा उंबरठा न्याहाळू लागतो, तेव्हा राखण संपते. उरतो तो तजस्सुस, ज्यास सूरह हुजुरातच्या १२ व्या आयतीत मनाई आहे. हजरत उमर (रजि.) रात्रीच्या गस्तीत भिंत ओलांडून एका घरात शिरले, अशी कथा सांगितली जाते. घरातला मनुष्य दोषीच होता. तरीही त्याने हेरगिरी, भिंतीवरून येणे, परवानगी न मागणे हे तीन दोष दाखवताच खलिफा परतले. मोबाइलला तर भिंतही चढावी लागत नाही. शिवाय पासवर्ड पुतण्याकडेही असेल, तर पाहणारे डोळे किती, हे कारागिराला कोण सांगणार?