धुऱ्यावर उभं राहून

बसा. पाठ टेकवली तरी चालेल. अशा वेळी डोळे मिटायला सांगतात. पण मिटून वाचता येत नाही, तेव्हा ते उघडेच असू द्या.

मनाने यवतमाळ जिल्ह्यात चला. कळंब, आर्णी, घाटंजी, कुठलाही तालुका घ्या. साल २०१७, सप्टेंबर सरत आलेला. काळ्या जमिनीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तुम्ही उभे आहात. समोर कपाशी, इकडच्या बोलीत पऱ्हाटी. एरवी कमरेला, फार तर छातीला लागणारी. यंदा कुठे कुठे पुरुषभर उंच गेलेली. हवेत अंगाला चिकटणारा उकाडा. दोन ओळींमधून एक माणूस पाठीवर पंप घेऊन चाललाय. तो दिसत नाही. बारीक तुषारांचा एक ढग तेवढा पुढे पुढे सरकतो.

थोडा वेळ एवढंच पाहा. काही ठरवू नका.

आता रात्र झाली आहे. तोच माणूस यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आहे. घामाने चिंब, उलट्या थांबत नाहीत, नजर धूसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. त्या हंगामात असे शेकडो जण आले. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं दगावली.

हे वाचताना मनात पहिलं काय उमटलं, ते पकडून ठेवा. यवतमाळ, शेतकरी, विष. हे तीन शब्द शेजारी आले की महाराष्ट्रात कुणाच्याही मनात एकच वाक्य तयार होतं: प्यायला असणार. इतक्या वर्षांच्या बातम्यांनी ते आपल्यात रुजवलं आहे. अंधारात दोरी दिसते आणि मन साप म्हणतं, तो रज्जुसर्प न्याय आपण शाळेतच शिकलो. ज्याने आधी साप पाहिलेला असतो त्यालाच दोरीत साप दिसतो, हे मात्र तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

आणि या चुकीला किंमत असते. प्यायलेलं विष असेल तर नळी घालून पोट धुतात. कातडीतून आणि श्वासातून गेलेलं असेल तर पोट धुऊन काय हाती लागणार? तिथे आधी भिजलेले कपडे उतरवायचे, अंग साबणाने धुवायचं. शिवाय ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या विषावर अ‍ॅट्रोपिन हा उतारा आहे. पंपाच्या टाकीत दोन-तीन वेगवेगळ्या गटांची द्रव्यं कालवलेली असली तर लक्षणं पुस्तकासारखी येत नाहीत आणि उताराही एकच पुरत नाही. मनातला साचा चुकला की हातातली नळी चुकते.

केनेथ क्रेक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९४३ साली मांडलं होतं की माणूस बाहेरच्या जगाची एक छोटी प्रतिकृती डोक्यात बाळगतो, तिच्यावर करून पाहतो आणि मग पाऊल टाकतो. आपल्याकडे न्याय म्हणून जे सांगतात, काकतालीय, अंधगज, बीजांकुर, त्या अशाच प्रतिकृती आहेत. फक्त पाठ करायला सोप्या.

पुन्हा धुऱ्यावर या. दुसरा साचा आता आपोआप येईल: शेतकरी निष्काळजी आहे. हातमोजे नाहीत, तोंडाला फक्त दुपट्टा. हा साचा खोटा नाही. पण तो उचलल्यावर तुम्ही काय कराल, ते मनात करून पाहा. पत्रकं छापाल, संरक्षक किट वाटाल. आता त्या दमट उकाड्यात ते प्लास्टिक स्वतःच्या अंगावर चढवा, पाठीवर भरलेला पंप घ्या आणि दोन एकर चाला. मी हे मनातल्या मनात केलं तरी दुसऱ्या ओळीलाच ते काढून टाकावंसं वाटलं.

मला सगळ्यात उपयोगी पडलेला प्रश्न साधा आहे. दुपट्टा गुंडाळून फवारणी गेल्या वर्षीही झाली, त्याच्या आदल्या वर्षीही. मग यंदाच का?

या प्रश्नापाशी जरा रेंगाळा. मान वर करून झाडाकडे बघा. पीक कमरेएवढं असतं तेव्हा फवारा खाली पडतो. डोक्याएवढं झालं की नोझल वर धरावं लागतं, आणि तुषार तोंडावर, छातीवर, उघड्या दंडांवर उतरतात. पंपाकडे बघा. हाताने हापसायच्या पंपाजागी बॅटरीचे आणि पेट्रोलचे आले आहेत. फवारा बारीक आणि जोरात निघतो. बोंड फोडून बघा. गुलाबी बोंडअळी. २००६ साली आलेल्या दोन जनुकांच्या बीटी कपाशीने तिला रोखायचं होतं. अळीने ते पचवलं. मग फवारणी वाढली, कृषी केंद्रात सांगतील ते एकात एक मिसळून. आणि मजूर एका शेतातून दुसऱ्या शेतात, सलग कितीतरी दिवस हेच काम करत राहिला.

जेम्स रीझन यांनी अपघातांसाठी भोकं असलेल्या चीजच्या कापांचं चित्र दिलं. आपल्या घरात चाळण्या आहेत. चार चाळण्या एकावर एक ठेवून वरून रवा टाका. बहुतेक दाणे कुठेतरी अडतील. पण चारही चाळण्यांची भोकं एका रेषेत आली की एखादा दाणा थेट ताटात पडतो. त्या वर्षी पडला. त्यातल्या एकाच चाळणीला गुन्हेगार ठरवणं म्हणजे फांदी मोडली म्हणून तिच्यावर नुकत्याच बसलेल्या कावळ्याला धरणं.

अर्थात व्यवस्थेला कावळा लागतोच. सरकारने विशेष तपास पथक नेमलं, आणि मोनोक्रोटोफॉससह पाच कीटकनाशकांवर अमरावती विभागाच्या जिल्ह्यांत साठ दिवसांची बंदी आणली. पुढे दोन मृतांच्या पत्नी आणि एक वाचलेला शेतकरी यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझलमध्ये कीटकनाशक बनवणाऱ्या कंपनीवर दावा लावला. न्यायालयात बाटली कोणती, हे विचारलं जाणारच. तिथे चाळण्यांची रास उभी करता येत नाही. मला यात चूक दिसत नाही. भरपाईला एक साचा लागतो, समजून घ्यायला दुसरा. गफलत होते ती एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेताना.

एक साचा अजून राहिला, आणि तो इतका जवळ आहे की मला फार उशिरा दिसला. त्या टाकीत जे आहे त्याला सगळे काय म्हणतात? औषध. कपाशीला औषध मारलं, औषध आणायला गेलाय. कृषी केंद्राच्या पाटीवर औषधं, आपल्या बोलण्यात औषधं. आणि औषधाचं असं आहे की गुण आला नाही तर मात्रा वाढवायची. हात बरबटले तरी धोतराला पुसायचे. औषधच तर आहे. अळी मेली नाही म्हणून जास्त मारायचं, जास्त मारलं म्हणून उरलेली अळी आणखी चिवट. बी आधी की झाड, ते कुणालाच सांगता येत नाही.

हा शब्द जिभेवर घोळवा. मग त्याच जागी ‘विष’ ठेवून तीच वाक्यं मनात म्हणा. मुलाला म्हणा, जा, दुकानातून दोन लिटर विष घेऊन ये. बायकोला म्हणा, दुपारपर्यंत विष मारून येतो, मग जेवू.

तुमच्या डोक्यात सध्या घोळत असलेलं जे काही आहे, घरातलं, कचेरीतलं, ते हवं तर आता या धुऱ्यावर आणून ठेवा. घाई नाही. त्याला तुम्ही कोणत्या नावाने हाक मारता, एवढंच ऐका.

ढग अजून सरकतोच आहे. पऱ्हाटीची पानं एका बाजूला लवली आहेत, म्हणजे वारा पश्चिमेकडून आहे, आणि तो माणूस वाऱ्याकडे तोंड करून चाललाय.