झाडाला लस टोचावी काय?

तू-बिश्वातला एलियाहू हन्नाबीच्या मलिद्याचे ताट मांडत असताना नातवाने आम्हाला विचारले, "आजी, प्रयोगशाळेत बदललेले फळ या ताटात चालेल का? तोराने तर किलाईम मना केले आहे ना?" आम्हाला चटकन उत्तर सुचले नाही. आमचा जन्म माणसांच्या शुश्रूषेत गेला, झाडांच्या नव्हे. पण प्रश्न मनात घोळत राहिला, म्हणून हा लेखप्रपंच.

हवाई बेटांतल्या पपईचे उदाहरण घेऊ. पपईच्या फळांवर वर्तुळे उमटवणारा एक विषाणू आहे. मावा ही बारीक कीड तो झाडोझाडी नेते. त्यावर औषध नाही; रोगट झाड उपटून टाकणे एवढेच हाती. ओआहू बेटावरच्या बागा या रोगाने बसल्या, तेव्हा शेतकरी मोठ्या बेटावरच्या पुना भागात गेले. १९९२ साली रोग तेथेही पोचला. हवाईतच ऊसमळ्यावर वाढलेले डेनिस गोन्साल्विस तेव्हा कॉर्नेल विद्यापीठात होते. त्यांनी पूर्वी सौम्य विषाणू मुद्दाम लावून पाहिला होता. तो उपाय पुरा पडला नाही. मग त्यांनी व सहकाऱ्यांनी विषाणूच्या कवचाचे जनुक पपईत घातले. त्यामुळे झाडाच्या पेशी त्या विषाणूचा संदेश ओळखतात व तो आत शिरताच तोडून टाकतात. १९९८ साली 'रेनबो' पपईचे बी शेतकऱ्यांना फुकट वाटले गेले आणि बागा पुन्हा उभ्या राहिल्या.

आपल्या इस्रायलातही २०१४ साली टोमॅटोवर नवा विषाणू दिसला व पुढे अनेक देशांत पसरला. तेव्हा हा प्रश्न केवळ हवाईचा नाही.

लेवीयच्या १९ व्या अध्यायात शेतात दोन जातींचे बी पेरू नये अशी आज्ञा आहे. रब्बी मोशे बेन नाखमान, म्हणजे रांबान, म्हणतात की जाती मिसळणारा जणू परमेश्वराची सृष्टी अपुरी ठरवतो. उलट मिद्राशमध्ये रोमन अधिकारी विचारतो, देवाचे काम चांगले की माणसाचे? तेव्हा रब्बी अकिवा त्याच्यापुढे ओंब्या आणि भाकरी ठेवतात. जनुक घालणे म्हणजे दोन बिया एकत्र पेरणे नव्हे, असे अनेक जाणकार मानतात. आम्ही रब्बी नाही. पण रोग्याला बरे करणे हा सृष्टीचा अपमान आहे, असे आम्हाला कधी वाटले नाही.

लहानपणी दंडावर देवीची लस टोचून घेतलेली आमची पिढी. म्हणून ही पपई आम्हाला लस टोचलेल्या मुलासारखी वाटते. परंतु उपमा ताणू नये. लसीचे बळ मुलाच्या मुलांत उतरत नाही. पपईचे बियांतून उतरते. तिचे पराग शेजाऱ्याच्या बागेतही जातात. जपानने ही पपई २०११ च्या अखेरपर्यंत स्वीकारली नव्हती, त्यामुळे साधी पपई तेथे पाठवणाऱ्याला भेसळ परवडणारी नव्हती. त्या शेजाऱ्याला कोण विचारणार?

येथे आमची एक जुनी चूक सांगतो. रांग लांब होती, घाई होती. एका बाईला काही न सांगता आम्ही तिच्या बाळाला लस टोचली. लस योग्य होती, बाळाला काही झाले नाही. पण ती बाई पुन्हा आली नाही, आणि पुढचे डोस चुकले. आमचे औषध खरे होते, वागणे खोटे होते. नुकसान बाळाचे झाले.

म्हणून आमचे मत असे: जेथे दुसरा उपाय नाही तेथे झाडाला असे बळ द्यावे, पण लपवून नव्हे. शेजाऱ्याला आधी सांगावे, दोन बागांत अंतर ठेवावे, फळावर नाव लिहावे. नको म्हणणाऱ्याला अडाणी समजू नये.

नातवाला आम्ही सांगितले, "अशी पपई कधी आपल्या घरी आलीच तर ताटात ठेव आणि बेराखा म्हण. पण पाहुण्याने विचारले तर ती कसली ते खरे सांग. आणि तो नको म्हणाला, तर रागावू नकोस. त्याच्यापुढे पेरू ठेव."